गाईच्या बीजांडकोशांतील एक विरळ गांठ

गाय वेळेवर माजावर येत नाहीं, आली तर माज उतरत नाहीं, किंवा वळू दाखविला तरी फळत नाहीं, या तीन तक्रारी गोठा बाळगणाऱ्या कोणासहि नवीन नाहींत. बहुतेक वेळां त्यांचें मूळ चाऱ्याच्या उणिवेंत, गर्भाशयाच्या सुजेंत किंवा माज ओळखण्यांत आपल्याच हातून झालेल्या चुकींत सांपडतें. आणि मालकानें प्रथम तेथेंच शोध करावा हें योग्य होय. परंतु या नेहमींच्या कारणांच्या आड क्वचित् एक निराळें कारण दडलेलें असतें. गाईच्या दोन बीजांडकोशांपैकीं एकांत गांठ वाढूं लागते, ती गांठ स्वतःच अंतःस्राव निर्माण करते, आणि त्या स्रावांमुळें माजाचें सर्व चक्र बिघडून जातें. या गांठीस ग्रॅन्युलोसा पेशींची गांठ असें नांव आहे. प्रस्तुत लेखांत तिची लक्षणें, तिची अंतर्रचना व तिच्यावरील उपाय यांचा विचार करावयाचा आहे.

ही गांठ विरळ आहे हें आधींच सांगितलें पाहिजे. गाईच्या बीजांडकोशांत ज्या निरनिराळ्या जातींच्या गांठी होतात त्यांत हिचा क्रम पहिला लागतो खरा, पण एकंदरींत त्या सर्वच गांठी थोड्या. शंभर गाई तपासल्या तरी त्यांत एकीसहि ती सांपडेल असा भरंवसा नाहीं. मग अशा विरळ रोगावर मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. कारण असें कीं ही गांठ नेहमींच्या रोगांचें सोंग घेते. मालक महिनोगणती इंजेक्शनें देत राहतो, गाय ना गाभण ना दुभती अशा स्थितींत दावणीस उभी राहते, आणि वैरण मात्र दुभत्या गाईइतकीच खाते. महाराष्ट्रांत १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी आहे. तेव्हां भाकड गाय म्हणजे मालकानें आमरण पोसावयाची गाय, हा हिशेब प्रत्येकास ठाऊक आहे. बाजारांत दोष लपवून ती दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें हा मार्ग आपल्या वाचकांपैकीं कोणी पत्करील असें वाटत नाहीं. उलटपक्षीं, गांठ वेळीं ओळखली गेली तर एका शस्त्रक्रियेनें तीच गाय पुन्हां गाभण राहूं शकते. म्हणजे रोग विरळ असला तरी त्याची ओळख फायद्याची आहे.

आतां निरोगी बीजांडकोशाची रचना प्रथम पाहूं. ती समजल्यावांचून गांठीचें चमत्कारिक वर्तन समजणार नाहीं. गाईच्या गर्भाशयास मेंढ्याच्या शिंगांसारखीं वळलेलीं दोन शिंगें असतात व प्रत्येक शिंगाच्या टोंकाशीं एकेक बीजांडकोश लोंबत असतो. त्याचा आकार बदामासारखा, लांबी तीन-चार सेंटिमीटर, आणि वजन १० ते २० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तोळा-दीड तोळा. त्यांत पाण्याच्या थेंबासारख्या पुटिका असतात व प्रत्येक पुटिकेंत एक बीज असतें. डच वैद्य रेनिये द ग्राफ यानें १६७२ सालीं या पुटिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून आजहि त्यांना ग्राफच्या पुटिका म्हणतात. पुटिकेच्या भिंतीस आंतून अस्तर लावल्यासारखा पेशींचा जो थर असतो तो ग्रॅन्युलोसा. त्याच्या बाहेरून दुसरा थर असतो तो थीका. या दोन थरांचें काम एखाद्या घरच्या धंद्याप्रमाणें वांटलेलें आहे. बाहेरचा थर नरजातीचा स्राव तयार करतो; आंतला थर तो स्राव घेऊन त्याचें ईस्ट्रोजेन या मादीच्या स्रावांत रूपांतर करतो. ईस्ट्रोजेन वाढलें कीं गाय माजावर येते, हंबरते, बळस टाकते. पुढें पुटिका फुटून बीज बाहेर पडतें, तिच्या जागीं पीतपिंड तयार होतो, आणि फळली नसेल तर सुमारें २१ दिवसांनीं गाय पुन्हां माज दाखविते.

याशिवाय ग्रॅन्युलोसा पेशी आणखी एक स्राव सोडतात. त्याचें नांव इन्हिबिन. हें नांव १९३२ सालीं मॅक्युलाघ या शास्त्रज्ञानें योजिलें. मेंदूच्या तळाशीं जी पियूष ग्रंथि असते तिच्याकडून बीजांडकोशास 'पुटिका वाढव' अशी आज्ञा येत असते; इन्हिबिन त्या आज्ञेस लगाम घालतें. निरोगी गाईंत हा लगाम सैल-घट्ट होत राहतो, म्हणून एका वेळीं एखादीच पुटिका पूर्ण वाढते व गाईस बहुधा एकच वासरूं होतें.

ग्रॅन्युलोसा थरांतील पेशी जेव्हां मर्यादा सोडून वाढूं लागतात तेव्हां प्रस्तुत गांठ होते. बहुधा थीका पेशीहि तिच्यांत मिसळलेल्या असतात. पेशी बिघडल्या तरी आपला मूळचा धंदा सोडीत नाहींत; त्या स्राव निर्माण करीतच राहतात, फक्त चक्राचा नियम उरत नाहीं. यावरून दोन गोष्टी ओघानेंच निघतात. पहिली, गांठीच्या पेशी कोणता स्राव अधिक करतात त्यावर गाईचें वर्तन अवलंबून राहतें. म्हणून एकाच रोगाच्या दोन गाई दिसावयास अगदीं विरुद्ध असूं शकतात. दुसरी, इन्हिबिनचा लगाम सतत आवळलेला राहिल्यानें पियूष ग्रंथीची आज्ञा बंद पडते, आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्या, निरोगी बीजांडकोशाची उपासमार होते. तो आकसून लहान व निश्चल होतो. एक कोश मोठा व वाढता, दुसरा लहान व निपचित, ही जोडी या रोगाची मुख्य खूण होय.

लक्षणांकडे वळूं. गांठ कोणत्याहि वयाच्या गाईंत होऊं शकते. कालवडींतहि ती आढळली आहे आणि गाभण गाईंतहि. आरंभीं गाईची भूक, रवंथ, शेण यांत कांहींच फरक पडत नाहीं व त्यामुळें मालक निर्धास्त असतो. कांहीं गाई माजावर येणेंच सोडतात. कांहीं उलट सतत माजांत राहतात. रात्रंदिवस हंबरणें, दुसऱ्या गाईंवर उड्या घेणें, खाणें-पिणें सोडून हिंडणें चालू होतें, शेपटीच्या मुळाजवळचे बंध सैल पडून तेथें दोन्ही बाजूंस खळगे दिसूं लागतात व शेपटीचें मूळ उंचावल्यासारखें भासतें. तिसरा प्रकार पाहणाऱ्यास विलक्षण वाटतो. गाय वळूसारखी वागूं लागते. ती पुढच्या पायांनीं माती उकरते, मान खालीं घालून डुरकते, अंगावर धांवून येते. कालांतरानें तिची मान जाड होते व खांदा भरतो. ती दुसऱ्या गाईंवर चढते, पण तिच्यावर दुसरी चढूं गेली तर उभी राहत नाहीं. हा शेवटचा भेद गुराख्यानें अवश्य लक्षांत ठेवावा, कारण खरी माजावरची गाय चढूं देते. कालवडींत एक चौथेंहि लक्षण दिसतें: जी कधीं फळलीच नाहीं तिची कास भरूं लागते व सडांतून दुधासारखा द्रव येतो. अशा वेळीं घरचीं माणसें कालवड गाभण असल्याचा आनंद मानतात. तपासणीनंतर तो मावळतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणूं. उदाहरण कल्पिलेलें आहे, पण त्यांतील प्रत्येक लक्षण पशुवैद्यांच्या अनुभवांतील आहे. दुसऱ्या वेतांतील संकरित गाय, वेळेस सात-आठ लिटर दूध देणारी. विण्यानंतर दोन महिन्यांनीं माज आला, कृत्रिम रेतन केलें, उलटली. पुढें माज दहा-दहा दिवसांनीं येऊं लागला. पशुवैद्यानें हात घालून पाहिलें व डाव्या कोशावर लिंबाएवढा फुगवटा लागला, तेव्हां त्यानें पुटिकेचा विकार समजून इंजेक्शन दिलें. यांत त्याची चूक कांहींच नव्हती. अशा शंभर गाईंत बहुतेकींचा रोग तोच असतो. गाय पंधरा दिवस शांत राहिली, पुन्हां बिघडली, पुन्हां इंजेक्शन झालें. तिसऱ्या वेळीं दुसरा पशुवैद्य आला. त्यास आधींची नोंद दाखवितां आली नाहीं, म्हणून त्यानेंहि पहिल्यापासून आरंभ केला. असे पांच महिने गेले. दूध दोन लिटरांवर आलें. गाय डुरकूं लागली तेव्हां शेजाऱ्यांनीं देवाचें कांहीं राहिलें असावें असा तर्क केला, एकानें कमरेवर डाग देण्याचा सल्ला दिला व तो अंमलांतहि आला. अखेर पुन्हां तपासणी झाली तेव्हां डावा कोश लहान नारळाएवढा व उजवा वालाच्या दाण्यासारखा लागला. तेव्हां रोगाचें नांव कळलें. पहिल्या तपासणीच्या वेळीं दोन्ही कोशांचें माप वहींत लिहिलेलें असतें, तर दुसऱ्याच भेटींत 'लिंबाचें संत्रें झालें आणि उजवा आकसला' एवढें दिसून आलें असतें, व तीन महिने वांचले असते. डाग तर वांचलाच असता.

येथें नेहमींच्या पुटिकाविकाराशीं या गांठीचा भेद स्पष्ट करणें जरूर आहे, कारण खरी गफलत तेथेंच होते. पुटिकाविकारांत बीज बाहेर न पडतां पुटिका तशीच फुगून राहते. ती साधारणतः अडीच सेंटिमीटर किंवा थोडी अधिक, पातळ भिंतीची, पाण्यानें भरलेली असते. विण्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत व अधिक दूध देणाऱ्या गाईंत ती विशेष आढळते. एका कोशावर किंवा दोन्हींवरहि असते. योग्य संप्रेरकांचें इंजेक्शन दिलें तर पुष्कळ गाई तीन-चार आठवड्यांत माजावर येतात. ग्रॅन्युलोसा गांठ या औषधांस दाद देत नाहीं. ती पुटिकेप्रमाणें ठराविक मापावर थांबतहि नाहीं. मुठीएवढी, नारळाएवढी, आणि दुर्लक्ष झाल्यास कित्येक किलो वजनाची होते. माझें मत असें कीं दोन वेळां रीतसर उपचार होऊनहि गाय ताळ्यावर आली नाहीं, तर तिसऱ्या इंजेक्शनाचे पैसे देण्यापूर्वीं मालकानें पशुवैद्यास दोन्ही कोशांची तुलना करून मापें लिहून देण्याची विनंति करावी व दोन-तीन आठवड्यांनीं तीच तपासणी पुन्हां करवावी. यांत पशुवैद्याचा अविश्वास नाहीं. उलट त्याचें काम सोपें होतें.

पूर्वीं अशा फुगवट्यास गुदमार्गांतून दाबून फोडण्याची चाल होती. ती आतां त्याज्य मानली जाते, कारण त्या योगें आंत रक्तस्राव होतो व बीजांडकोश भोंवतालच्या पडद्यांस चिकटून गाय कायमची वांझ होण्याचा संभव असतो. गांठ असेल तर धोका अधिकच. म्हणून कोणी हौशी माणूस 'मी हातानें फोडून देतों' म्हणूं लागल्यास त्यास गोठ्यांत पाऊल टाकूं देऊं नये.

दुसरींहि कांहीं कारणें वगळावीं लागतात. पहिलें गाभणपण. हें हास्यास्पद वाटेल, पण माज थांबला व पोट वाढलें एवढ्यावरून रोगाची शंका घेतलेल्या गाईच्या पोटीं वासरूं निघाल्याचे प्रसंग घडतात. शिवाय माजावर आणण्यासाठीं जें प्रोस्टाग्लँडिन देतात त्यानें गाभण गाय गाभडते; तेव्हां तें टोंचण्यापूर्वीं गाभणपणाची खात्री झालीच पाहिजे. दुसरें, कोशांतील रक्ताची गुठळी किंवा पू. त्यांतील पुवाच्या पाठीमागें बहुधा अडलेल्या विण्याचा इतिहास असतो. तिसरें, रक्तपेशींचा कर्करोग, ज्यांत शरीरांतील इतर गांठीहि सुजलेल्या सांपडतात. चौथें, कालवडीपुरतें: नर वासराबरोबर जुळी जन्मलेली कालवड दहांपैकीं नऊ वेळां वांझ निघते व तिचें रूपहि कांहींसें नरासारखें असतें. पोटांत असतांना दोघांच्या वारेंतील रक्तवाहिन्या एकमेकांस जोडल्या जाऊन नराचे स्राव तिच्या अंगांत जातात, ही उपपत्ति लिली या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१६ सालीं मांडली. तेव्हां वळूसारख्या वागणाऱ्या कालवडीबद्दल प्रथम ती जुळी होती काय एवढेंच विचारावें. ती विकत घेतलेली असेल तर विकणाऱ्यास विचारावें.

आणखी एका गांठीचा उल्लेख केवळ तिच्याभोंवतीं उठणाऱ्या वावड्यांसाठीं करतों. टेराटोमा नांवाच्या गांठींत केंस, कूर्चा, हाड, क्वचित् दांतसुद्धां सांपडतात. बीजपेशींत शरीराचें कोणतेंहि अंग घडविण्याची शक्ति मूळचीच असल्यामुळें त्या भलत्या ठिकाणीं वाढूं लागल्या तर असें घडतें. करणीचा येथें कांहीं संबंध नाहीं. हें सांगण्याची पाळी आजहि येते ही खेदाची गोष्ट होय.

तपासणीचीं साधनें तीन. पहिलें व मुख्य म्हणजे पशुवैद्याचा हात. दुसरें, ध्वनिलहरींचें यंत्र, ज्यास सोनोग्राफी म्हणतात. तिच्यांत गांठ पुष्कळदां मधाच्या पोळ्यासारखी, लहानमोठ्या खणांनीं भरलेली दिसते, कधीं घट्ट एकजीव दिसते, तर कधीं तिच्यांत एकच मोठा पाण्याचा खण असतो व मग पुटिकेचा भास होतो. तिसरें, रक्ताची परीक्षा. ग्रॅन्युलोसा पेशी जो अँटी-म्युलेरियन नांवाचा स्राव निर्माण करतात तो या गांठीच्या गाईंत निरोगी गाईंपेक्षां पुष्कळ वाढलेला आढळतो. ही परीक्षा तालुक्याच्या दवाखान्यांत होणारी नव्हे. पण गाय किंमतीची असेल व शंका फिटत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारणा करावी.

आतां गांठ कापून पाहिली असतां काय दिसतें तें सांगतों. बाहेरून ती बहुधा गुळगुळीत, गोल किंवा उंचसखल असते व तिच्या पृष्ठभागावर जाड शिरा पसरलेल्या असतात. सुरीनें दोन फांका केल्या कीं आंत पांढुरका-पिवळा मांसल भाग व त्यांत विखुरलेले खण दिसतात. खणांत पिवळें पाणी किंवा तांबडा रक्तमिश्रित द्रव असतो, आणि मधून मधून रक्त सांखळून काळपट झालेले डाग असतात. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर पेशी जणुं पुटिका बांधण्याचा प्रयत्न करीत असल्यासारख्या दिसतात: कोठें पोकळीभोंवतीं अनेक थर, कोठें दोऱ्यांसारख्या रांगा, कोठें नुसते पुंजके, व मधून थीका पेशींचें आणि तंतूंचें जाळें. कांहीं ठिकाणीं पेशींचें लहानसें कडें व त्याच्या मध्यभागीं गुलाबी रंग घेणारा ठिपका असतो. यांस कॉल-एक्स्नर पिंड म्हणतात. एमा कॉल ही विदुषी व सिग्मुंड एक्स्नर यांनीं १८७५ सालीं सशाच्या बीजांडकोशांत ते प्रथम वर्णिले. ते सांपडले तर निदान पक्कें होतें. न सांपडले म्हणून मात्र गांठ नाहीं असें ठरत नाहीं.

गांठ मारक आहे काय, हा मालकाचा स्वाभाविक प्रश्न. बहुतेक गांठी कोशापुरत्याच राहतात. तथापि गाईंत कांहीं गांठी पोटाच्या पडद्यावर, रसग्रंथींत व फुप्फुसांपर्यंत पसरल्याचे दाखले आहेत, आणि बाहेरून पाहून कोणती पसरेल हें निश्चित सांगतां येत नाहीं. गांठ जितकी जुनी तितकी ती जड, तिच्या शिरा जाड, आणि आंतड्यास किंवा पडद्यास चिकटण्याचा संभव अधिक. म्हणून उशीर करण्यांत लाभ नाहीं.

उपाय एकच, गांठीसह तो बीजांडकोश काढून टाकणें. औषधानें ती विरघळत नाहीं. शस्त्रक्रिया बहुधा गाय उभी असतांनाच करतात. आदल्या दिवसापासून वैरण बंद ठेवतात, म्हणजे पोट हलकें राहून हात आंत फिरूं शकतो. पाणी केव्हांपर्यंत पाजावें हें पशुवैद्य सांगेल तसें करावें. भकाळीवरील केंस काढून, कातडी स्वच्छ करून, तेवढा भाग बधिर करतात व उभा छेद घेऊन आंतून कोश बाहेर ओढतात. गांठ लहान असेल तर योनिमार्गानेंहि ती काढतां येते. या सर्व कामांत नाजूक भाग म्हणजे कोशाचा देंठ. गांठीस रक्त पुरविण्यासाठीं तेथील धमनी फुगलेली असते. तिला बांधलेला दोरा निसटला तर गाय आंतल्या आंत रक्तस्रावानें दगावूं शकते. म्हणून हें काम ज्यानें पूर्वीं केलें आहे अशाच शस्त्रवैद्याकडे सोंपवावें. परळ येथील १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेंच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालयें या कामीं विचारावयाच्या जागा आहेत. गांठ पसरलेली असेल, चिकटलेली असेल, किंवा गाय फार वयस्क असेल, तर शस्त्रवैद्य स्वतःच नको म्हणेल, तें ऐकावें.

नंतरची निगा मालकाच्या हातीं. जागा कोरडी असावी, जखमेवर माशी बसूं देऊं नये. पावसाळ्यांत आसडी पडण्याचें भय मोठें असतें. टांके दहा-चौदा दिवसांनीं काढतात. प्रतिजैविक औषधें चालू असतां व पशुवैद्य सांगेल तितके दिवस पुढें त्या गाईचें दूध डेअरीस घालूं नये, घरींहि वापरूं नये. गांठ निघतांच इन्हिबिनचा लगाम सुटतो व आकसलेला दुसरा कोश हळूहळू जागा होतो. कांहीं आठवड्यांत किंवा कांहीं महिन्यांत गाय माज दाखविते. एका कोशावर गाय फळते काय, अशी शंका पुष्कळांस येते. फळते; माजाचें चक्र चालविण्यास एक निरोगी कोश पुरेसा आहे. मात्र जाड झालेली मान पूर्ववत् होण्यास वेळ लागतो, व हरवलेलें दूध पुढील वेताशिवाय परत येत नाहीं. हा खर्च व हा अवधि आधींच हिशेबांत धरून, गाईच्या वयाकडे व दुधाकडे पाहून मगच निर्णय करावा. चौथ्या-पांचव्या वेतापर्यंतच्या चांगल्या गाईस तो करण्यासारखा आहे, असें मला वाटतें.

म्हशींतहि ही गांठ आढळली आहे. परंतु म्हशीचा माज मुळांतच मुका. हंबरणें व उड्या घेणें यांवर विसंबून राहिल्यास तेथें कांहींच कळणार नाहीं. विऊन तीन महिने होऊनहि माज न दाखविणारी म्हैस तपासून घ्यावी हाच मार्ग.

तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या बाजारांत घोड्यांची खरेदी-विक्री करणारे जे वाचक असतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. घोडीच्या बीजांडकोशांत होणाऱ्या गांठींत हीच गांठ सर्वांत अधिक आढळते, आणि तिची ओळख पशुवैद्यांस गाईपेक्षां घोडींत अधिक चांगली झालेली आहे. घोडी माजावर येणें सोडते, किंवा घोड्यासारखी खिंकाळून इतर घोड्यांवर धांवते व चावते. खोडकर म्हणून स्वस्तांत विकावयास आलेल्या घोडीमागें कधीं कधीं हा रोग असतो. गाभण घोडीच्या रक्तांत नरजातीचा स्राव स्वभावतःच वाढलेला असतो, म्हणून रक्तपरीक्षेपूर्वीं गाभणपण तपासावें. शस्त्रक्रियेनंतर घोडीस पुन्हां माजावर येण्यास सहा महिन्यांपासून वर्षभर लागूं शकतें. तेव्हां एक हंगाम गेलाच असें समजून चालावें.

स्त्रियांतहि या जातीची गांठ होते. व्हिएन्नाचे वैद्य रोकिटान्स्की यांनीं १८५५ सालीं तिचें वर्णन केलें. त्या विषयांत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं. एवढेंच सांगतों कीं पाळी कायमची थांबल्यावर पुन्हां रक्त दिसूं लागलें, तर घरांतील वडील स्त्रीनें संकोचानें तें लपवूं नये, व लगेच डॉक्टरकडे जावें.

शेवटीं एक व्यवहारांतील सूचना. काढलेली गांठ उकिरड्यावर टाकूं नये. तिची परीक्षा झाल्याशिवाय ती कोणत्या जातीची होती हें खरें कळत नाहीं, आणि पुढें गाय पुन्हां बिघडली तर हीच माहिती उपयोगीं पडते. सबंध गांठ पाठविण्याचें कारण नाहीं. घट्ट भाग, खणांचा भाग व कडेचा भाग अशा तीन ठिकाणांहून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या पशुवैद्याकडून काढून घ्याव्या, त्यांच्या दसपट दहा टक्के फॉर्मालिन घालावें, व बरणीवर गाईचा कानांतील बिल्ला, वय, वेत, विण्याची तारीख आणि पहिल्या लक्षणाची तारीख शिसपेनीनें लिहून चिठ्ठी डकवावी. शाईची अक्षरें फॉर्मालिन सांडलें कीं पुसलीं जातात. बरणी रुंद तोंडाची घ्यावी. अरुंद तोंडाच्या बाटलींत मऊ तुकडा सहज दाबून जातो, पण चार दिवसांत तो कडक होतो व मग प्रयोगशाळेंत बाटली फोडल्याशिवाय बाहेर निघत नाहीं.